छपरावरची छत्री आणि गिऱ्हाइकाचे स्वातंत्र्य

जालना ही बियाण्यांची मोठी पेठ. एका कंपनीचे बियाणे सोडून दुसरीचे घेतले, म्हणून येथील शेतकऱ्यास तिफण बदलावी लागत नाही. त्याच्या छपरावरील छत्रीची कथा मात्र निराळी आहे. उपग्रहावरून थेट घरात उतरणाऱ्या प्रसारणास सरकारने १९९७ साली बंदी घातली; २००० साली ती उठली. पुढे २००३ साली डिश टीव्ही, २००६ साली टाटा स्काय आणि २००९ साली व्हिडिओकॉन अशा कंपन्या आल्या. स्पर्धा झाली, हे कोण नाकारील? परंतु कंपनी बदलावी तर पेटीही नवी घ्यावी लागे. एकीची पेटी दुसरीस चालावी, हा २००१ च्या सरकारी नियमांतील दंडक व्यवहारात कागदावरच राहिला. २०१८ साली तर डिश टीव्ही व व्हिडिओकॉन यांचे हे धंदे एकत्र झाले. २०१९ पासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत स्वतंत्रपणे जाहीर होऊ लागली, हे इष्टच झाले. दूरदर्शनने २००४ साली सुरू केलेली, मासिक वर्गणी नसलेली सेवा हाही गरिबास आधारच होय. तथापि आम्हांस असे वाटते की, दुकाने वाढल्याने गिऱ्हाईक स्वतंत्र होत नाही. एका दुकानातून उठून दुसऱ्यात जाणे ज्याला परवडते, तोच खरा स्वतंत्र.