नगरच्या किल्ल्यातील मौलाना

खरगपूरच्या आपणा मराठी रेल्वेवाल्यांना आय.आय.टी. रोजचीच. हिजलीच्या जुन्या बंदिशाळेत सुरू झालेल्या या संस्थेचे १८ ऑगस्ट १९५१ रोजी उद्घाटन केले ते शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी. त्यांचे आपल्या महाराष्ट्राशी असलेले नाते मात्र फारसे कुणी सांगत नाही.

जन्म मक्केचा, १८८८ सालचा. वाढले कोलकात्यात, शिकले घरीच. १९१२ साली ‘अल-हिलाल’ काढले. हिंदू-मुसलमान ऐक्य हा त्यांचा ध्यास. फाळणीला त्यांचा विरोधच होता.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत अटक झाली. खास गाडीने त्यांना नगरला नेले. (त्याच गाडीतून आणलेल्या गांधीजींना चिंचवडला उतरवून घेतले.) किल्ल्यात नेहरू, पटेल सोबतीला. मौलाना भल्या पहाटे उठून बिनदुधाचा चहा स्वतः करीत आणि पत्रे लिहीत. ती पाठवायची सोय नव्हती. पुढे १९४६ साली त्यांचे ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झाले. खोलीतल्या चिमण्यांशी केलेल्या दोस्तीवरही त्यात लिहिले आहे.

१९४३ मध्ये कोलकात्यात पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ झाल्या. सरकारला काही कळवायचे असल्यास कळवा, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी विनंती करण्यास साफ नकार दिला. ताठपणा म्हणा, पण मला तो समजतो. बेगम गेल्या.

जून १९४५ मध्ये आपल्याच आद्रा लाइनवरच्या बांकुड्याहून सुटका झाली. हावड्याला स्वागतासाठी ही गर्दी! घरी जाताना त्यांनी मोटार आधी कबरीकडे वळवली आणि गाडीतल्या हारांपैकी एक तिच्यावर वाहिला.