तबकडी, फीत आणि आमचे ऐकणे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. कचेरीची भाषा हिंदी झाली, पण ध्वनिलहरींना कुठली आली सीमा! १९४८ साली सुरू झालेले नागपूरचे आकाशवाणी केंद्र आमच्या घरांत मराठी बोलतच राहिले. मात्र रेडिओ आपल्या वेळेला गाणार. चुकले ते चुकले.

त्याआधीच्या तबकडीने तर गाण्याची लांबीच ठरवून टाकली होती. १९०२ साली कलकत्त्यात व्यापारी ध्वनिमुद्रणाला आरंभ झाला. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. तासभर फुलणारा राग तेवढ्यात आटोपायचा. तबकड्या तयार होत जर्मनीत, हॅनोव्हरला. तेथे ओळख पटावी म्हणून गायिका शेवटी स्वतःचे नाव सांगत, जणू पत्राखालची सही.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली. आमच्याकडे ती घरोघर दिसू लागली ती १९८०नंतर. संत्र्याच्या बागेतही टेप वाजू लागला, हे खरेच. पण मोठा फरक निराळाच होता. तबकडी केवळ ऐकवीत असे, फीत ऐकूनही घेई. ज्यांना कोणतीही कंपनी कधी विचारणार नव्हती, अशी माणसे त्यामुळे प्रथमच मुद्रित झाली. भजनी मंडळाचा काकडा, लग्नातली मंगलाष्टके, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आणि त्याही आमच्या हिंदीमिश्रित वऱ्हाडी वळणाच्या बोलीत. कोरी फीत महाग वाटे, म्हणून जुन्या चित्रपटगीतांवरच हे मुद्रण होई. ओवी संपते न संपते तोच मागून एखादे द्वंद्वगीत डोके वर काढी!

पुढे एमपी-३ आणि मेमरी कार्ड आले. हजार गाणी खिशात, ऐकणारे कान मात्र दोनच. आम्ही याला सरसकट दोष देत नाही. घरातल्या ज्या सुनेला गाण्याची निवड कधीच करता आली नव्हती, तिला ती याच यंत्राने दिली.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यांमधल्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. आमच्या घरच्या ओव्या मात्र कपाटातल्या फितींवरच आहेत, आणि त्यांना बुरशी लागते आहे. कॅसेटच्या पाठीवरचे दोन चिमुकले प्लास्टिकचे तुकडे मोडले, की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नसे. आमच्यापैकी फार थोड्यांनी ते मोडले. कित्येक आज्यांच्या आवाजावर पुढे क्रिकेटचे समालोचन चढले.