जुनं जहाज विकत घेताना: ‘लॉयल्टी’, १९१९

५ एप्रिल म्हणजे राष्ट्रीय सागरी दिन. स्पर्धा परीक्षेचं कुठलंही गाईड उघडा, ही ओळ सापडतेच: ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं ‘एसएस लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. १९६४ पासून हा दिवस साजरा होतो. ओळ बरोबर आहे, पण तिच्यात एक गोष्ट येत नाही. हे जहाज नवं नव्हतं. त्या दिवशी ते अठ्ठावीस वर्षांचं होतं. इतकी जुनी वस्तू घेताना माणूस काय तपासतो? आणि आपण इतिहासवाले त्या तपासणीकडे कसं बघायचं?

जळगाव-धुळ्याच्या माणसाला जहाजाचं काय, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे तापी-गिरणा आहेत, समुद्र नाही. पण खान्देशचा कापूस जीआयपी रेल्वेनं मुंबईला जायचा आणि तिथून पुढं जहाजानं. म्हणजे जहाजाचं भाडं कोण ठरवतं, हा प्रश्न आपल्या शेतापर्यंत येतो. माझ्या विषयात जहाज शिरलं ते याच वाटेनं.

आधी जहाजाची कुंडली. इंग्लंडमधल्या बॅरो इथं १८९० मध्ये ते पाण्यात उतरलं. तेव्हाचं नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, मालक कॅनेडियन पॅसिफिक कंपनी. पांढरंशुभ्र अंग, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, ५,९०५ टन, वेग सोळा नॉट. काम होतं व्हँकुव्हर ते हाँगकाँग टपाल, प्रवासी आणि रेशमासारखा महागडा माल वेळेत पोचवण्याचं. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ च्या अखेरीस ते ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतलं, जखमी हिंदी सैनिकांसाठी त्याचं इस्पितळ केलं आणि नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर ते विकायला निघालं. घेणारे होते सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे भागीदार. कंपनीला ‘सिंदिया’ हे नाव मिळालं ते विकणाऱ्यामुळं.

आता बैलबाजार आठवा. घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो: दोनदाती, चारदाती की जुळलेला. मग खांदा, खूर, चाल. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायच्या आधी शहाणा शेतकरी म्हणतो, जुंपून बघू. जुन्या जहाजाची तपासणी याहून फार वेगळी नसते. ते सुक्या गोदीत घेतात, म्हणजे पाणी काढून तळ उघडा करतात. सर्व्हेअर हातोडीनं पत्रा ठोकत जातो आणि कान देतो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला की शंका. शंका आली तिथं बारीक भोक पाडून पत्र्याची उरलेली जाडी मोजायची, भोक पुन्हा बुजवायचं. रंग नवा असेल तर जास्तच ठोकायचं. गंज लपतो तो बॉयलरच्या खाली, तळाच्या साचलेल्या पाण्यात आणि जिथं लाट वर-खाली होते त्या पट्ट्यात. बॉयलरमध्ये पाण्याचा दाब चढवून बघायचं, पंख्याचा दांडा बाहेर काढून झीज पाहायची, इंजिनरूमच्या नोंदवह्या चाळायच्या.

इथं संशोधकानं थांबावं, कारण अहवाल कुणासाठी लिहिला यावर त्यातला मजकूर ठरतो. विकणाऱ्याचा तज्ज्ञ आणि घेणाऱ्याचा तज्ज्ञ एकच पत्रा दोन तऱ्हेनं वाचतात. विमावाल्याला जोखीम कळली की पुरे. हिंदुस्थानात १८८४ च्या स्टीमशिप कायद्यानं प्रवासी आगबोटींची सरकारी तपासणी सक्तीची केली होती. त्या अधिकाऱ्याला प्रश्न एकच, प्रवाशांना धोका आहे का? जहाज धंद्याला परवडेल का, हे तो बघत नाही, बघणं त्याचं काम नाही. आपले विद्यार्थी सरकारी प्रमाणपत्र मिळालं की ‘जहाज उत्तम स्थितीत होते’ असं लिहून मोकळे होतात.

माझ्या मते ‘लॉयल्टी’चा खरा प्रश्न गंजाचा नाहीच. शंकरपटाचा बैल कितीही धडधाकट असला तरी नांगराला परवडत नाही. हे जहाज वेगासाठी आणि प्रवाशांसाठी बांधलेलं, नव्या मालकांना उभं राहायचं होतं मालवाहतुकीत. पत्रा शाबूत असूनही सौदा चुकीचा असू शकतो. १९२३ मध्ये ते मुंबईतच मोडीत निघालं. जेमतेम चार वर्षं.

पण म्हणून वालचंदांना भोळे ठरवू नका. ही घाई बऱ्याच प्रबंधांत दिसते. १९१९ च्या वसंतात उभं राहून बघा. जर्मन पाणबुड्यांनी ढिगानं जहाजं बुडवलेली, भाडी गगनाला भिडलेली, ब्रिटिश गोद्यांकडं आधीच ऑर्डरी तुंबलेल्या. नवं जहाज हवं तर थांबा, आणि थांबायचं तर इंचकेपसाहेबांच्या पी अँड ओ-बीआयला मैदान मोकळं. मुंबईच्या बंदरात उभं असलेलं जहाज त्या घडीला अठ्ठावीस वर्षांचं असूनही मोलाचं होतं. भाडी कोसळली ती १९२० नंतर. कोसळण्याआधी केलेल्या खरेदीला कोसळल्यानंतरचे आकडे लावणं अन्यायाचं आहे. कंपनी मात्र टिकली. १९२३ च्या करारानं तिच्यावर ७५,००० टनांची मर्यादा आली आणि ती किनारी वाहतुकीपुरती बांधली गेली, तरी टिकली.

या वाटेनं कुणाला विषय घ्यायचा असेल तर सुरुवात ‘लॉइड्स रजिस्टर’च्या जुन्या खंडांपासून करा, बरेचसे इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. जहाजाचं नाव, आधीचं नाव, बांधणीचं वर्ष आणि ठिकाण, मालक, टन, इंजिन असे रकाने असतात. १९१४ ते १९२३ चे खंड शेजारी ठेवा आणि एकेक रकाना वर्षावर्षानं उतरवून काढा. मग मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात सागरी खात्याची दफ्तरं मागा, आणि त्याच आठवड्यांची वर्तमानपत्रं. कागद हातात आला की पहिल्या पानावर सही कुणाची आहे ते आधी बघा, आणि त्याची फी कुणी भरली ते.