हापूसचा साका

वैशाखात आंब्याची पेटी घरी यावी, पाहुण्यांसमोर तबक मांडावे, घरातील वडील माणसाने केशरी रंगाचे, देठाशी घमघमणारे फळ हाती घेऊन त्यावर सुरी चालवावी, आणि आत बाठ्याभोवती पांढुरका, भुसभुशीत, आंबट गर निघावा, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी गुदरला असेल. याला कोकणात साका म्हणतात. फळाच्या सालीवर त्याची खूण उमटत नाही. वासावरून तो कळत नाही. दाबून पाहिले तरी हाताला लागत नाही. कापल्यावाचून साका दिसत नाही, आणि कापल्यावर उपाय उरत नाही. एखाद्या हंगामात शेकडा 30 पर्यंत फळे अशी निघतात.

अष्टागरातील आमच्या वाडीत हापूसची जुनी कलमे आहेत. लहानपणी एकदा आजोबांनी व्याह्यांसाठी निवडून काढलेल्या सहा आंब्यांपैकी तीन साक्याचे निघाले. आजोबा शरमिंदे झाले आणि संध्याकाळी गड्यावर उखडले. पाणी कमी पडले, खत वेळेवर घातले नाही, आढी नीट लावली नाही, असे दोष त्यांनी एकामागून एक त्याच्या पदरात घातले. तो बिचारा एवढेच म्हणाला, "तात्या, झाडाच्या मनात काय आहे ते आपल्याला काय ठाऊक?" आज आपल्याला जो वृत्तांत सांगावयाचा आहे, तो या प्रश्नाचा आहे.

बागाइतदारांना साका पूर्वापार माहीत असला पाहिजे. परंतु शास्त्रीय लेखनात त्याची पहिली नोंद झाली ती आंबा समुद्रापार जाऊ लागला तेव्हा. 1932 आणि 1933 या दोन हंगामांत मुंबई सरकारच्या कृषिखात्याने हापूस विलायतेस पाठवून पाहिला. या प्रयोगांचा अहवाल चीमा व दाणी यांनी लिहिला आणि तो 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अहवालात साक्याचे वर्णन आहे. येथे घरी एखादा आंबा बिघडला तर आपण तो बाजूला सारून दुसरा कापतो. हजारो मैलांवरच्या, हापूस प्रथमच चाखणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र दुसरा आंबा कापण्याची उमेद राहत नाही. घरगुती हळहळीचा विषय व्यापाराचा प्रश्न झाला, आणि मग संशोधनाचा.

हे संशोधन सोपे का नव्हते, ते समजण्यासाठी कलम म्हणजे काय ते ध्यानात घेतले पाहिजे. कोयीपासून उगवलेले रायवळ झाड आईबापांहून निराळे निघते. कलम मात्र मूळ झाडाचाच तुकडा होय. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथील हापूस आणि रत्नागिरी, देवगड येथील हापूस हे एका अर्थी एकच झाड आहे, शेकडो वर्षे हातोहात वाढवलेले. त्याचा गंध, त्याचा रंग, त्याची गोडी कलमातून जशीच्या तशी उतरली. तसाच साकाही उतरला. वर्षाआड फळण्याची खोडही उतरली. निवड करून दोष काढावा, तर निवडीला वावच थोडा.

मग संकर करावा. आंब्याचा संकर ही काय तपश्चर्या आहे, याची कल्पना मोहोराकडे नुसते पाहून यावयाची नाही. एका मोहोरात हजारांनी फुले असतात; त्यांतील पुष्कळशी केवळ नर, आणि जी फलक्षम त्यांतूनही एखाददुसरेच फळ शेवटपर्यंत टिकते. प्रत्येक इवल्या फुलातील पुंकेसर चिमट्याने काढावयाचे, दुसऱ्या जातीचा पराग लावावयाचा, पिशवी बांधावयाची. नंतर कणी गळते, तुडतुडे येतात, अवकाळी पावसाने मोहोर करपतो. एवढ्यातून वाचलेल्या फळाची कोय रुजवावी, तर ते झाड फळावर येण्यास आणखी कित्येक वर्षे. बर्न्स आणि प्रयाग यांनी पुण्यास 1911 मध्येच हा उद्योग आरंभला होता. त्यातून बागाइतदारांच्या हाती लगेच नवा आंबा आला नाही, म्हणून त्यांचे श्रम वाया गेले असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. या कामात एका माणसाचे आयुष्य पुरत नाही, हे त्यांनी प्रथम दाखवले.

पुढचा अध्याय दक्षिण कोकणातला. वेंगुर्ले येथे 1957 मध्ये फळसंशोधन केंद्र सुरू झाले. 1972 मध्ये दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले व हे केंद्र त्याच्याकडे गेले. येथील संशोधकांनी दरवर्षी फळणारा दक्षिणेकडील नीलम आणि आपला हापूस यांचा संकर केला. त्यातून 1981 मध्ये 'रत्ना' ही जात प्रसृत झाली. हा आंबा दरवर्षी फळतो आणि त्यात साका होत नाही. (त्याच वर्षाच्या आरंभी आमच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, नवे नाव जिभेवर बसण्यास आम्हाला वेळ लागला, तसाच या आंब्याचेही.) रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 मध्ये 'सिंधू' ही जात काढली, तिचा बाठा इतका पातळ की तो नसल्यासारखाच.

परंतु लागलेल्या हापूसच्या बागांचे काय? त्या तोडून टाका असे कोणी सांगितले असते तर कोणी ऐकले नसते. म्हणून साक्याचे मूळ शोधण्याचे काम चालूच राहिले. गुंजाटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1979 मध्ये साक्याच्या फळांत चुन्याचा अंश कमी आढळला. इतर काहींनी तापलेल्या जमिनीतून उठणाऱ्या झळीकडे बोट दाखवले आणि झाडाखाली गवताचे आच्छादन घालण्यास सुचवले. फळ झाडावर पुरते पिकू न देता चौदा आणे तयार झाल्यावर काढावे, देठासह झेल्याने काढावे, आणि काढलेली फळे क्षणभरही उन्हात ठेवू नयेत, असा सल्ला रूढ झाला. यांनी साका कमी होतो. नाहीसा होत नाही. आणि चौदा आणे कोणते व पंधरा कोणते, हे ओळखणारी नजर पुस्तकातून मिळत नाही.

2004 मध्ये बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील रवींद्र व शिवशंकर यांनी या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. त्यांनी गर सोडून बाठ्यात पाहिले. साक्याच्या फळातील बी झाडावर असतानाच रुजण्याच्या तयारीला लागलेले असते, आणि त्या घाईत भोवतालच्या गराची घडी विसकटते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आंब्याचे बी धान्यासारखे सुप्त राहत नाही. वाळले की मरते. रानातला आंबा मृगाच्या तोंडावर गळतो आणि पहिल्या पावसात रुजतो. मला वाटते, ज्या झाडाला आपली संतती आषाढापूर्वी मातीत रोवावयाची आहे, त्याच्या बीने घाई केली यात नवल नाही. गर गोड राहावा ही इच्छा आपली आहे. झाडाच्या मनात काय आहे, याचे आमच्या गड्याने विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले हे सर्वांत जवळचे उत्तर. आजोबांना ते सांगावयास हवे होते, आणि त्याहूनही त्या गड्याला.

2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर यांच्याबरोबर आमचा रायगडही आहे. त्यामुळे नावाचा मान वाढला. आमच्या वाडीत आता रत्नाची दोन झाडे आहेत. व्यापारी येतो, तो हापूसच्या पेट्या मोजून घेतो आणि रत्नाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या बाजारात हापूस या तीन अक्षरांना भाव आहे. तेव्हा हापूस, साक्यासकट, मुंबईस जातो. रत्ना आम्ही घरी ठेवतो, आणि व्याही जेवावयास आले म्हणजे निर्धास्तपणे तोच कापतो.