झटके देणारा गिअरबॉक्स का जिंकला? शेंद्र्याच्या डीएसजीची आणि स्वस्त एएमटीची गोष्ट

जालना रोडवरच्या शेंद्रा एमआयडीसीत २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे. ऑक्टाव्हिया, सुपर्ब या गाड्यांची जुळणी इथे झाली. यांतल्या अनेक गाड्यांमध्ये डीएसजी नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. तांत्रिकदृष्ट्या तो भारी, तरी भारतात घरोघरी ऑटोमॅटिक पोहोचवला तो एएमटी या साध्या यंत्रणेनं. असं का झालं?

दोन्हींत फरक काय?

डीएसजीत दोन क्लच असतात. एक १, ३, ५ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असतानाच तिसरा तयार असतो. त्यामुळे गिअर कधी बदलला ते कळतही नाही.

एएमटीत नवा गिअरबॉक्स नसतोच. नेहमीच्या मॅन्युअल गिअरबॉक्सवर एक यंत्रणा बसवतात. तुमच्या पायाऐवजी ती क्लच दाबते, हाताऐवजी गिअर टाकते. तेवढा क्षण इंजिनची ताकद चाकांपर्यंत जात नाही, म्हणून हलका झटका बसतो आणि मान पुढे जाते.

मग एएमटी का चालली?

२०१४ मध्ये मारुतीनं सेलेरिओ आणली. तिची एएमटी मॅन्युअलपेक्षा साधारण ४० हजार रुपयांनी महाग होती. कंपनीनं सांगितलेलं मायलेज मात्र दोन्हींचं सारखंच, लिटरला २३.१ किलोमीटर. 'ऑटोमॅटिक म्हणजे महाग आणि पेट्रोल पिणारी' हा समज तिथे मोडला. पुढे टाटा, रेनॉ, ह्युंदाई यांनीही छोट्या गाड्यांत एएमटी दिली.

गिऱ्हाईक एएमटीची तुलना डीएसजीशी करतच नव्हतं. ट्रॅफिकमध्ये दिवसभर क्लच दाबून दुखणाऱ्या डाव्या पायाशी करत होतं. त्याला झटका चालणार होता, मोठा हप्ता नाही.

शिवाय 'चांगलं' म्हणजे काय, हेही एकच नसतं. डीएसजीची रचना गुंतागुंतीची. २०१३ मध्ये फोक्सवॅगननं चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींमुळे ३ लाख ८४ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. एएमटीच्या पोटात मात्र मेकॅनिकच्या ओळखीचाच क्लच आणि गिअरबॉक्स.

पुढे स्कोडानंही हिशोब केला. २०२१ च्या कुशाकमध्ये डीएसजी फक्त मोठ्या १.५ लिटर इंजिनला मिळाला. छोट्या १ लिटर इंजिनला जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टर.

हे आधीही घडलंय

सोनीची बीटामॅक्स कॅसेट १९७५ ला आली, चित्र चांगलं. पण सुरुवातीला तिच्यात एकच तास रेकॉर्डिंग व्हायचं. १९७६ च्या व्हीएचएसमध्ये दोन तास, म्हणजे एक अख्खा सिनेमा मावायचा. व्हीएचएस जिंकली.

मग आपण काय घ्यावं?

लोकांनी घेतलं म्हणजे ते सर्वात चांगलं, असं नाही. ते परवडलं आणि त्यानं अडचण सोडवली, इतकंच. एएमटीच्या उणिवा आजही आहेत : चढावर थांबून निघताना गाडी मागे सरकू शकते, ओव्हरटेक करताना प्रतिसाद उशिरा येतो. रोज शहरात फिरत असाल तर हे खपून जाईल. पण सारखा घाट चढायचा असेल, तर गाडी घेण्याआधी टेस्ट ड्राइव्ह चढावरच घ्या.