संगणकाच्या वीजपेटीची कुळकथा

नागपुराहून भंडाऱ्याच्या रस्त्यानें पूर्वेस निघालें म्हणजे सुमारें पस्तीस किलोमीटरांवर कन्हान नदीच्या कांठीं मौदा हें तालुक्याचें गांव लागतें. गांवाजवळ एनटीपीसीचें औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याचे पहिले दोन संच प्रत्येकीं ५०० मेगावॅटचे व पुढचे दोन ६६० मेगावॅटचे, मिळून २३२० मेगावॅट. कोळसा जळतो, वाफ होते, जनित्र फिरतें आणि तेथें निघालेली वीज ४०० किलोव्होल्ट दाबानें देशाच्या वीजजाळ्यांत जाऊन मिसळते. पुढें तिचा दाब पायरीपायरीनें उतरत जातो व गल्लींतल्या खांबावरून घराच्या भिंतींत ती येते तेव्हां तो २३० व्होल्ट उरलेला असतो. येथपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर शिकलेसवरलेले अभियंते आणि त्यांचीं रक्षकयंत्रें पहारा करीत असतात.

परंतु घरांत संगणक असेल तर आणखी एक पायरी उतरावयाची राहते. संगणकाच्या चिपांना २३० व्होल्टांचा काय उपयोग? त्यांस १२, ५ व ३.३ व्होल्टांचा, तोहि एका दिशेनें वाहणारा प्रवाह लागतो. ही शेवटची उतरण संगणकाच्या पोटांतील एक पत्र्याची पेटी करते. बाजारांत तिला 'एसएमपीएस' म्हणतात. दुकानांत गिऱ्हाईक पडद्याची लांबीरुंदी विचारतो, स्मरणशक्ति किती तें विचारतो; ही पेटी मात्र कॅबिनेटबरोबर येईल ती तो मुकाट्यानें घेतो. सबंध यंत्राचा जीव जिच्या स्वाधीन, तिची चौकशी सर्वांत कमी व्हावी ही गोष्ट विचित्र खरी.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 'टिफ्रॅक' नांवाचा संगणक १९६० सालीं चालूं झाला, तेव्हां त्यांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्राचा वीजपुरवठा म्हणजे पेटी नव्हे, कपाटेंच. पुढें नळ्यांच्या जागीं ट्रान्झिस्टर आले, तरी वीज पुरविण्याची रीत बरींच वर्षें जुनी राहिली. लोखंडी गाभ्याचा जड रोहित्र दाब उतरवी, आणि त्यांतूनहि जो नको असेल तो दाब एक ट्रान्झिस्टर स्वतः तापून उष्णतेच्या रूपानें घालवून टाकी. पुष्कळदां निम्म्याच्या आसपास वीज अशी वायां जाई. याहून मोठी भीति निराळीच होती. तो ट्रान्झिस्टर जळून आरपार झाला, कीं अडविलेला सगळा दाब एका क्षणांत नाजूक चिपांवर कोसळे.

यावर निघालेला तोडगा मोठा मासलेवाईक आहे. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत १९५७ सालीं थायरिस्टर तयार झाला. तो पुरवठ्याच्या दोन तारांमध्यें बसवूं लागले. दाब मर्यादेबाहेर गेला, कीं थायरिस्टर त्या दोन तारा एकमेकींस जोडून देई, म्हणजे मुद्दाम शॉर्ट करी, आणि फ्यूज उडे. दोन तारांवर लोखंडी पहार आडवी टाकावी तसें हें काम. इंग्रजींतहि त्या मंडलास पहारीचेंच नांव पडलें. यंत्र बंद पडलें तरी चालेल, पण जळतां कामा नये, हा विचार तेथें प्रथम उघडपणें दिसतो. पुढें आलेल्या सर्व रक्षणांचें मूळ त्यांत आहे.

१९७० नंतरच्या दशकांत उच्च दाब सोसणारे स्वस्त ट्रान्झिस्टर मिळूं लागले आणि वीजपेटीचें रूप पालटलें. मोठी घागर भरून तासांतून एकदां नेण्याऐवजीं फुलपात्रानें झरझर खेपा केल्या तरी पाणी तेवढेंच जातें, आणि हातांत वजन मात्र अगदीं थोडें राहतें. नव्या पेटीनें हेंच केलें. भिंतींतील वीज प्रथम एकदिश करावयाची, तिचा दाब सुमारें ३२५ व्होल्ट होतो. मग सेकंदास हजारों वेळां तिचे तुकडे पाडावयाचे आणि ते चिमुकल्या रोहित्रांतून पलीकडे पोंचवावयाचे. लोखंडाचें ओझें गेलें, उष्णता घटली. १९७७ सालच्या 'ॲपल-टू' संगणकांत रॉड होल्ट या अभियंत्यानें अशी पेटी बसविली. १९८१ सालच्या ऑगस्टांत आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, त्याची पेटी अवघी ६३.५ वॅटांची होती. १९८४ च्या 'एटी' यंत्रांत ती १९२ वॅटांवर गेली.

मात्र या सुधारणेबरोबर एक धोका घरांत आला. त्याच पत्र्याच्या आड एका बाजूस ३२५ व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूस १२ व्होल्ट, व दोहोंमध्यें अंतर कांहीं मिलिमीटरांचें! पलीकडचा दाब योग्य आहे कीं नाहीं हा निरोपहि अलीकडे तारेनें आणतां येत नाहीं. तो एका लहानशा दिव्याच्या प्रकाशानें आणावा लागतो. चांगल्या पेटींत हें अंतर काटेकोर राखलेलें असतें, तर हलक्या पेटींत काटकसर नेमकी येथेंच होते. प्लग काढल्यावरहि आंतील कपॅसिटरांत बराच वेळ विजेचा सांठा राहतो. म्हणून बिघडलेली वीजपेटी हौसेनें उघडून पाहूं नये. जाणत्यालाच ती उघडूं द्यावी.

भारतांत १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर हीं यंत्रें कचेऱ्यांतून व पुढें घरांतून दिसूं लागलीं. त्या काळच्या पेटींतून मदरबोर्डाकडे 'पी-८' व 'पी-९' असे दोन जोड जात, आणि ते उलटसुलट बसविणें सहज शक्य होतें. तसें झालें कीं मदरबोर्ड गेलाच. म्हणून दुरुस्ती करणारे नवशिक्याला पहिला धडा देत तो 'काळ्याशेजारीं काळी तार' हा. पेटीच्या पाठीवर ११५ व २३० असा एक तांबडा खटकाहि असे. तो चुकून ११५ कडे सरकला, तर आंतील मंडल दाब दुप्पट करी व कपॅसिटर धडाक्यानें फुटत. इंटेल कंपनीनें १९९५ सालीं 'एटीएक्स' हा नमुना ठरविला, तेव्हां दोन जोडांचा एक झाला आणि तो उलटा बसेनासा झाला. पुढें १०० ते २४० व्होल्टांपर्यंत आपोआप जुळवून घेणाऱ्या पेट्या आल्या व तो खटकाहि गेला. संध्याकाळीं दाब उतरून दिवे मिणमिणणाऱ्या गांवीं अशी पेटी विशेष उपयोगी पडते. पण एटीएक्सनें एक नवीन संवयहि लावली. पडद्यावर 'बंद' म्हटलेला संगणक खरोखर बंद नसतो. ५ व्होल्टांची एक धार आंत जागीच असते. तेव्हां यंत्राला हात घालण्यापूर्वीं भिंतींतील प्लग काढणें अवश्य आहे.

रक्षणांपैकीं सर्वांत जुनें फ्यूज. तें आजहि प्रत्येक पेटींत असतें, परंतु तें वाचवितें घराला व तारांना, चिपांना नव्हे. विजेच्या वेगापुढें फ्यूजची तार फार मंद आहे. ट्रान्झिस्टर आधीं जळून फ्यूजला वाचवितो, असें कारागीर थट्टेनें म्हणतात तें खोटें नाहीं. म्हणून चांगल्या पेटींत एक लहानशी पहारेकरी चिप असते. ती १२ व्होल्टांच्या तारेवर दाब फार चढला किंवा फार उतरला तर सर्व पुरवठा तोडते. दाब साधारणतः शेंकडा पांचांहून अधिक हलूं नये, म्हणजे ११.४ ते १२.६ यांमध्यें राहावा, असा एटीएक्सचा दंडक आहे. सुरुवातीस सर्व दाब स्थिर होईपर्यंत ती संगणकास चालूंच होऊं देत नाहीं. स्थिर झाल्यावर 'आतां ठीक' असा इशारा देते. ही युक्ति आयबीएमच्या पहिल्या यंत्रापासूनची. भिंतींतील वीज क्षणभर गेली, तरी पेटीनें पोटांतल्या सांठ्यावर सुमारें १६-१७ सहस्रांश सेकंद तग धरावा अशीहि अपेक्षा असते. यूपीएसला आपली बाजू सांभाळण्यास त्याहून थोडा वेळ पुरतो, म्हणूनच दिवा लुकलुकला तरी संगणक चालूं राहतो.

अतिभाराची कथा जरा गुंतागुंतीची आहे. कोठें एखादी तार शॉर्ट झाली तर पेटीनें थांबावें हें उघड आहे. पण समजा, १२ व्होल्टांवर ६० ॲम्पियर देणारी पेटी आहे आणि एका बारीक तारेंतून २५ ॲम्पियर वाहूं लागले. पेटीच्या दृष्टीनें हा भार नित्याचाच. तार मात्र जळून जाईल. म्हणून २००० नंतरच्या कांहीं वर्षांत एका वाटेनें २४० व्होल्ट-ॲम्पियर, म्हणजे १२ व्होल्टांवर २० ॲम्पियर, यांहून अधिक जाऊं नये असा नियम एटीएक्सच्या नमुन्यांत होता, आणि पेट्यांवर १२ व्होल्टांच्या दोन-दोन वाटा दाखवीत. पुढें चित्रें काढणाऱ्या कार्डांची भूक वाढली व तो नियम सैल झाला. थांबण्याची मर्यादा कोठें ठेवावी हा प्रश्न तेव्हांपासून उत्पादकाच्या शहाणपणावर राहिला आहे. २०२१ सालीं एका नामांकित उत्पादकाच्या पेट्या परीक्षकांच्या टेबलावर फुटल्या, तेव्हां कळलें, कीं त्या नेमलेल्या भाराच्या शेंकडा १२० ते १५० पर्यंत थांबतच नव्हत्या. नंतर ती मर्यादा ११० ते १२० वर आणली गेली. रक्षण आहे एवढ्यानें भागत नाहीं. तें कोणत्या क्षणीं जागें होतें हें महत्त्वाचें.

घेणाऱ्याची आणखी एक फसगत होते. २००४ सालीं '८० प्लस' ही खूण निघाली व पुढें तिला ब्रॉंझ, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या आल्या. ती खूण फक्त वीज किती वायां जात नाहीं एवढेंच सांगते. सुरक्षितपणाचें तें प्रशस्तिपत्र नव्हे, जरी कंजूष बनावटीच्या पेटीला ती मिळविणें कठीण जातें. भारतीय मानक ब्यूरोचें नोंदणीचिन्ह व 'आर' अक्षरानें सुरू होणारा क्रमांक पाहावा. अशी नोंदणी कांहीं विद्युत्-वस्तूंना २०१२ च्या सरकारी आदेशानें सक्तीची झाली. पेटीवर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' लिहिलें असलें तरी त्याखालीं बारीक अक्षरांत १२ व्होल्टांसमोर किती ॲम्पियर आहेत तें वाचावें व बारानें गुणावें. तेथें १६ लिहिलें असेल तर हिशेब १९२ वॅटांचा झाला, आणि आजच्या संगणकाचें बहुतेक काम त्या १२ व्होल्टांवरच चालतें. दुकानदार यावर हंसतो, पण गुणाकार खोटा ठरत नाहीं.

आतां मौद्याच्या वैशाखाकडे वळलें पाहिजे. या भागांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पेटीचा पंखा बाहेरून ओढतो ती हवा तशीच तापलेली असते. कांहीं पेट्यांची शक्ति २५ अंश उष्णतामानास धरून लिहिलेली असते, कांहींची ४० किंवा ५० अंशांस. विदर्भांत दुसऱ्या प्रकारचीच घ्यावी. आंतील कपॅसिटरांचें आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीनें साधारण निम्में होतें. १९९९ नंतरच्या कांहीं वर्षांत सदोष द्राव भरलेले कपॅसिटर जगभर विकले गेले व यंत्रेंच्या यंत्रें अकालीं बंद पडलीं. तेव्हांपासून पेटीच्या जाहिरातींत कपॅसिटर किती अंशांचे हेंहि सांगण्याची पद्धत पडली.

उन्हाळा सरतां सरतां वादळें येतात आणि खांबावरची न्यूट्रल तार तुटण्याचे प्रसंग घडतात. न्यूट्रल तुटली, कीं एखाद्या घरांत २३० ऐवजीं थेट ४०० च्या जवळपास दाब चढूं शकतो. पेटी साधारण २६४ व्होल्टांपर्यंत सोसते. त्यापुढें तिच्या तोंडाशीं बसविलेलें व्हॅरिस्टर नांवाचें चकतीएवढें मातीचें रक्षक वाट मोकळी करून देतें, फ्यूज उडवितें आणि बहुधा स्वतःहि मरतें. स्वस्त पेट्यांत त्या जागीं नुसतीं दोन भोंकें दिसतात. चकती काढून घेतलेली असते.

एक रक्षण मात्र पेटींत कितीहि पैसा ओतला तरी आंत बसवितां येत नाहीं, आणि तें म्हणजे अर्थिंग. विजेंतील गोंगाट गाळण्यासाठीं पेटींत फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्यापर्यंत लहान कपॅसिटर जोडलेले असतात. प्लगची तिसरी जाड पिन जमिनीशीं खरोखर जोडलेली नसेल, तर पत्र्यावर अर्धा दाब, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपास, तरंगत राहतो. कॅबिनेटला हात लागतांच झिणझिण्या येतात त्या यामुळें. प्रवाह अगदीं क्षीण असल्यानें त्यांतून सहसा इजा होत नाहीं. परंतु उद्यां आंतील फेजची तार सुटून पत्र्यास टेकली, तर फ्यूज उडविण्यास लागणाऱ्या प्रवाहाला वाटच नाहीं, हें त्या झिणझिण्या सांगत असतात. पुष्कळ जुन्या घरांत तिसरें भोंक असतें, पण त्यामागें तार नसते. कोठें ती तिसरी पिनच कापून टाकलेली असते, दोन भोंकांच्या खाचेंत बसावी म्हणून!

आणि तार असली तरी तिचें दुसरें टोंक मातींत आहे. कोळसा व मीठ घालून पुरलेली धातूची पट्टी ओल्या मातींत चांगलें काम देते. नागपूर-भंडारा पट्ट्यांतली काळी जमीन पावसाळ्यांत चिखलासारखी फुगते आणि चैत्र-वैशाखांत तिला बोटबोट भेगा पडतात. माती पट्टीपासून सुटते, ओल जाते व अर्थिंगचा अडथळा वाढतो. नेमके तेच दिवस कूलर रात्रंदिवस चालण्याचे व परीक्षांचे निकाल संगणकावर पाहण्याचे. जाणता वायरमन म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यावर एक उभी नळी ठेवून जातो, आणि उन्हाळाभर तिच्यांत बादलीभर पाणी ओतीत राहा म्हणून घरच्यांना बजावतो.