माहिती कोणाची, हे शाळेतच शिकवा

शाळकरी मुलांना माहितीचा स्रोत लिहायला लावणे म्हणजे नसते ओझे, असे मत शिक्षक-पालकांत सर्रास आढळते. त्याचा पूर्वपक्ष असा : संदर्भ देणे हे संशोधकाचे काम, विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविरुद्धचे 2018 चे नियमही उच्च शिक्षणापुरतेच आहेत, मुंबईतल्या गोवंडीसारख्या गरीब वस्तीतल्या मुलाने प्रकल्पवही पुरी केली हेच पुष्कळ, शिवाय ज्ञान सर्वांचे, आपल्या परंपरेत त्यावर कोणी मालकी सांगत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेऊ. ज्ञान सर्वांचे हे मान्य. पण ते कोणाकडून आले, हे आपल्या परंपरेने सांगितले आहे. ज्ञानेश्वरांनी व्यासांचे आणि भाष्यकारांचे ऋण ग्रंथातच मान्य केले. नामदेव, चोखामेळा, तुकाराम यांच्या अभंगांना नाममुद्रा आहे. इतिहासातले विधान अस्सल कागदावर उभे राहावे, या आग्रहापोटी इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली.

आता गोवंडीचेच पाहा. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात, गोवंडी ज्यात येते तो महापालिकेचा एम-पूर्व विभाग मानव विकासात शहरात तळाला होता. पुढे ‘इथे माणूस सरासरी 39 वर्षे जगतो’ हे वाक्य बातम्यांतून फिरत राहिले. पण 39 हे मृत्यूसमयीचे सरासरी वय. आयुर्मानाची गणना वेगळी असते. जिथे लोकसंख्येत मुले आणि तरुण अधिक, तिथे मृतांचे सरासरी वय कमीच निघते. बालमृत्यू जास्त असतील तर आणखी खाली येते. वस्तीचे हाल खरेच आहेत. म्हणूनच त्यांविषयीचा आकडाही तपासता यावा असा हवा. वाक्यासोबत अहवालाचे नाव आणि साल असेल, तर आठवीतली मुलगीही मूळ पान उघडून तो ताडून पाहू शकते. स्रोत गळाला की उरते ती ऐकीव गोष्ट.

ओझ्याचा आक्षेप अर्धा खरा आहे. स्वल्पविराम कुठे आणि तिरका ठसा कुठे, हे शाळेत नकोच. कोणी सांगितले, कुठे, कधी, एवढ्या तीन गोष्टी मुलाने आपल्या शब्दांत लिहिल्या तरी पुरे. संकेतस्थळावरचा मजकूर उतरवला असेल तर तेही सांगावे, आणि त्यासाठी त्याचे गुण कापू नयेत. न सांगण्याचे कापावेत.

गोवंडीच्या मुलांना तर याची गरज अधिकच आहे. वस्तीलगतची देवनारची कचराभूमी 1927 पासूनची. टाटा समाजविज्ञान संस्था 1954 पासून शेजारी. इथल्या माणसांकडून माहिती घेऊन कित्येक अहवाल लिहिले गेले. प्रकल्पात ‘कचरा कसा वेगळा करतात, हे माझ्या आईने सांगितले’ असे मूल तिच्या नावानिशी लिहिते, तेव्हा आईची जाणकारी पुस्तकाच्या पंक्तीला बसते. स्रोत लिहिण्याचा संस्कार महाविद्यालयापर्यंत लांबवला, तर जी मुले तिथवर पोहोचणार नाहीत ती त्याला कायमची मुकतील. म्हणून त्याची जागा शाळेतच आहे.